डोळे साहेबांचे, ओठ काकांचे

आमच्या ऑफिसात सूड हा शब्द चालत नाही. 'योग्य ती कार्यवाही' असं म्हणतात. मेहकरच्या एका शिक्षणसंस्थेत मी हेडक्लार्क असताना अशी एक योग्य ती कार्यवाही केली. तिचा मला अजून पस्तावा झालेला नाही आणि पुढेमागे होईल असंही वाटत नाही.

जिच्या रोखानं ती झाली ती व्यक्ती म्हणजे आमच्या संस्थेचे सचिव. त्यांना सगळे साहेब म्हणतात, म्हणून मीही साहेबच म्हणतो. साहेबांची भाषणं मी लिहायचो. स्वातंत्र्यदिन, पुण्यतिथ्या, स्नेहसंमेलन, कोणाच्या तरी ट्रॅक्टरच्या शोरूमचं उद्घाटन. टाइप मोठा, ओळींमध्ये भरपूर जागा. साहेब भाषण आधी कधीच वाचत नसत. गाडीतून उतरताना कागद हातात घ्यायचे आणि माइकसमोर जाऊन उघडायचे. समोर आलेलं अक्षर उच्चारायचं आणि अक्षरं संपली की खाली बसायचं, हा त्यांचा वक्तृत्वाविषयीचा एकूण विचार होता. एकदा पानं उलटसुलट लागली, तेव्हा साहेबांनी आधी सर्वांचे आभार मानले आणि मग सावकाश प्रमुख पाहुण्यांचं स्वागत केलं. टाळ्या दोन्ही ठिकाणी पडल्या.

आणि ही कार्यवाही ज्यांच्यासाठी झाली ते वकीलकाका. ते माझे कोणी नातलग नव्हेत. गावच्या जुन्या नाट्यमंडळाचे ते मुख्य नट, आणि मी त्यांचा प्रॉम्प्टर. कोर्टात काकांनी फार खटले जिंकले असं कोणी म्हणणार नाही. पण हरलेला पक्षकारसुद्धा बाहेर येऊन 'वकील बोलला मात्र जबरदस्त' असं सांगायचा. काका प्रेमळ वगैरे नव्हते. तालमीला कोणी उशिरा आलं तर ते त्याच्याशी महिनाभर बोलत नसत. विंगेतून मी एखादा शब्द गरज नसताना पुरवला, तर प्रयोग संपल्यावर सगळ्यांदेखत विचारायचे, "तुले कोणी मांगला होता बे तो शब्द?"

मंडळाचं हुकमी नाटक एकच. गावातल्याच एका मुन्सफानं फार पूर्वी लिहिलेलं, जुन्या वळणाचं गद्य नाटक. ते छापलं कधी गेलंच नाही, हस्तलिखितावरून उतरवत उतरवत आमच्यापर्यंत आलं. त्यात शेवटी म्हाताऱ्या प्रधानाचं एक लांबलचक स्वगत आहे. राजानं त्याला काढून त्याची जागा एका लाळघोट्याला दिलेली असते. गड सोडण्याआधी प्रधान दरबारात एकटा येतो आणि आपल्या रिकाम्या आसनाशी बोलतो. आधी रागानं, मग हसत, मग हिशेब मांडल्यासारखं, आणि शेवटी जवळजवळ कुजबुजत. काकांनी हे स्वगत माझ्या लहानपणापासून केलं. लोक बाकीचं नाटक शेंगदाणे खात पाहायचे आणि प्रधान आसनाजवळ आला की पुड्या बंद करायचे.

दोन वर्षांपूर्वी काकांचा आवाज बसायला लागला. आधी काकूंनी काढे दिले. मग संभाजीनगरच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि स्वरयंत्रावर गाठ आहे असं सांगितलं. ती काढावी लागणार होती. काढल्यावर आवाज कसा राहील, राहील की नाही, हे आत्ता सांगता येणार नाही म्हणाले. काकांनी ऑपरेशनची तारीख मंडळाच्या वर्धापनदिनानंतरची मागून घेतली. ही गोष्ट काकू आणि मी सोडून गावात फक्त साहेबांना माहीत होती. कारण साहेब मंडळाचेही अध्यक्ष होते आणि काकांनी त्यांना घरी बोलावून सांगितलं होतं की या वर्धापनदिनी मला स्वगत करू द्या, पुढचं पुढे. साहेबांनी काकांचे दोन्ही हात हातात घेऊन शब्द दिला. नंतर ते पुण्याला गेले.

पुण्यात रंगभूमी आणि तंत्रज्ञान या विषयावर एक शिबिर होतं. साहेब तिथून गळ्यात खादीचा लांब पंचा आणि तोंडात नवे शब्द घेऊन परतले. त्यांचे ण आणि ळ या काळात इतके जागरूक झाले होते की शिपायाला पाणी मागतानासुद्धा ते त्या ण वर क्षणभर टेकायचे. मंडळाच्या बैठकीत त्यांनी सांगितलं की आता अभिजात स्वगताचं आधुनिकीकरण करायचं. नट रंगमंचावर, समोर कॅमेरा, आणि मागे भिंतभर पडद्यावर त्याच क्षणी त्याचा चेहरा. पापणीची हालचालसुद्धा शेवटच्या रांगेला दिसली पाहिजे.

"म्हणजे लग्नात असते तसं," खजिनदार म्हणाले.

"लग्नात नाही. ही वेगळी भाषा आहे," साहेब म्हणाले.

काका खूश झाले होते. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज नेण्यासाठी त्यांनी आयुष्यभर छाती फाडली होती. आता गळा दुखत असताना चेहरा मदतीला येणार होता. ते म्हणाले, "हळू बोललं तरी चालन मंग. कुजबुजीचा भाग चांगला होईल."

साहेबांनी पंचा नीट केला. "काका, तोच तर मुद्दा आहे. पडद्यावर चेहरा फार मोठा दिसतो. वय दिसतं. लोकांचं लक्ष शब्दांवरून सुरकुत्यांवर जाईल. शिवाय आवाजाचा प्रश्न आहे. म्हणून समितीचं मत असं पडलं की प्रधान मीच करावा. आपण मार्गदर्शक. प्रयोगाआधी आपला यथोचित सत्कार."

समिती म्हणजे आम्ही तिथे बसलेलेच सगळे. आमचं असं मत पडल्याचं आम्हालाही तेव्हाच कळलं. खजिनदारांनी ते इतिवृत्तात लिहून घेतलं. अर्ध्याजणांची मुलं साहेबांच्या शाळेत होती आणि उरलेले साहेबांच्या शाळेत नोकरीला होते. काकांनी टोपी उचलली आणि ते निघाले. मी मागून गेलो.

घरी काका ओसरीवर बसले. काकूंनी विचारलं, "काय ठरलं?"

"प्रधान सत्तर वर्षांचा हाय नाटकात," काका म्हणाले. "मी त्याच्याहून मोठा नाही. अन् हा मले माहं वय सांगते."

"जाऊ द्या न आता," काकू म्हणाल्या. "घसा सांभाळा."

"काऊन जाऊ देऊ?"

काकू काढा गरम करायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पाठांतराला त्यांना वेळ नव्हता आणि गरजही नव्हती. बातम्या देणारे कॅमेऱ्यापुढच्या काचेवरून मजकूर वाचतात, तशी काच मागवली होती. त्यामुळे विंगेत माणूस बसवायची आवश्यकता उरली नव्हती. "प्रॉम्प्टिंग ही आता कालबाह्य गोष्ट झाली," असं साहेब मला म्हणाले. मी प्रॉम्प्टर आहे हे त्यांच्या ध्यानात नसावं, किंवा असावं. काचेवर मजकूर वर सरकवत राहायला मात्र कोणीतरी लागणार होतं. ते काम माझ्याकडे आलं. हातात एक लहानसं रिमोट, बसायचं कॅमेरावाल्यांच्या टेबलाशी. स्वगत मी निम्म्यावर आणायचं होतं, कठीण शब्द काढून टाकायचे होते, आणि कॉम्प्युटरवर मोठ्या टाइपात घालायचं होतं.

मी निम्मं केलं. छापून साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी कागद उचलून वजन पाहिल्यासारखं केलं आणि "छान" म्हणाले.

संध्याकाळी काकांना सांगितलं. म्हटलं, काका, हा माणूस काचेवर जे येईल ते वाचणार. तुम्ही म्हणाल ते त्याच्या तोंडून वदवतो. सगळ्या गावासमोर स्वतःला शिव्या घालायला लावतो.

काका बराच वेळ खाकरत राहिले. मग म्हणाले, "शिव्या नको. तुहा एक शब्द नको त्यात. मुन्सफानं लिहिलं तेच टाक."

"म्हणजे?"

"पूर्ण टाक. मी बोलतो तेवढं. एक वाक्य काटू नको. त्याले प्रधान व्हाचं हाय नं? होऊ दे पुरता."

मला ते पटायला थोडा वेळ लागला, कारण मी एक-दोन चांगल्या शिव्या मनात तयार केल्या होत्या. पण पटलं. त्या स्वगतात अशी वाक्यं आहेत की क्रियापद येईपर्यंत माणसाचा श्वास दोनदा संपतो. काकांनी प्रत्येक श्वासाची जागा वर्षानुवर्षं घासून बसवली होती. ती जागा ठाऊक नसलेल्या माणसाला ते वाक्य म्हणजे पायऱ्या नसलेली विहीर. मी हस्तलिखित घेऊन बसलो आणि सबंध स्वगत कॉम्प्युटरवर चढवलं. एका अक्षराची भेसळ केली नाही. इतकं प्रामाणिक टंकलेखन मी नोकरीत दुसरं केलेलं नाही.

प्रयोग एप्रिलमध्ये, लग्नाच्या मंगल कार्यालयात होता. कॅमेरे, पडदा, आवाजाची यंत्रणा सगळं धाड गावच्या एका लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडून आलं होतं. तो आणि त्याचा आवाजवाला साथीदार दुपारीच आले आणि वायरी अंथरून मोकळे झाले. दुसऱ्या दिवशी त्यांना पिंपळगाव राजाला लग्न होतं, म्हणून लवकर आटपा असं ते भेटेल त्याला सांगत होते. तालमीत साहेबांनी कुठे उभं राहायचं तेवढं पाहिलं, कॉलरला लावलेल्या माइकमध्ये "हॅलो, हॅलो" म्हटलं आणि ते पाहुण्यांना आणायला गेले.

ऊन उतरलं तसे लोक भरले. पुढे पाहुण्यांसाठी सोफे. आधी दीपप्रज्वलन, मग स्वागतगीत, मग सत्कार. ज्यांनी सत्कार केले त्यांचेही सत्कार झाले. काकांना शाल आणि नारळ देण्यात आला आणि त्यांच्याविषयी चार वाक्यं बोलली गेली. ती मीच लिहिलेली होती. साहेबांनी ती नीट वाचली. काका शाल घेऊन पुढच्या सोफ्यावर मधोमध बसले. कॅमेऱ्यानं हे सगळं भिंतभर दाखवलं. लोकांना पडदा फार आवडला. आपल्या गावचा माणूस जांभई देताना एवढा मोठा दिसतो याचं त्यांना कौतुक वाटत होतं.

मग अंधार झाला आणि प्रधान आला. मखमली अंगरखा, पगडी, दाढी. समोर आसन. मागे साहेबांचा चेहरा, दाराएवढं नाक. पोरांनी शिट्ट्या मारल्या, फोन वर झाले. पहिली काही वाक्यं लहान आहेत, ती साहेबांनी खड्या आवाजात म्हटली. तेवढा वेळ मला भीती वाटली की हा माणूस निभावून नेतो की काय.

पुढे जे झालं ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्याचं श्रेय मी घेणार नाही. ते सर्वस्वी तंत्रज्ञानाचं आहे. माझ्या पुढच्या रांगेत एक म्हातारबाबा बसले होते. ते शेजाऱ्याला म्हणाले, "साहेबाचे डोये काऊन हालून राह्यले?"

मी पाहिलं. ते हातभर मोठे डोळे डावीकडून उजवीकडे चालले होते. उजव्या टोकाला पोचले की झटकन डावीकडे परत. पुन्हा उजवीकडे. प्रधान आयुष्यभराच्या अपमानाबद्दल बोलत होता आणि डोळे नांगरासारखे तासावर तास घालत होते.

"वाचून राह्यले बे," शेजारी म्हणाला.

"कुठून?"

"त्या क्यामेऱ्यासमोर काच हाय. त्याच्यावर लिवलं असन."

हे एका रांगेतून दुसऱ्या रांगेत गेलं. साध्या रंगमंचावर तिसऱ्या रांगेपलीकडे कोणाला नटाचे डोळे दिसतात? शेकडो वर्षं नटांनी त्यावर निभावून नेलं आहे. साहेबांनी पदरमोड करून ती सोय काढून टाकली होती. थोड्या वेळानं कॉलेजच्या पोरांनी त्या डोळ्यांबरोबर माना हलवायला सुरुवात केली. उजवीकडे, उजवीकडे, आणि फाट् डावीकडे. सबंध रांग.

साहेबांना ते दिसत नव्हतं. पुढच्या सोफ्यांपलीकडे अंधार होता. पण निम्मं स्वगत संपल्यावर आपण आता थांबायला हवं होतं, हे त्यांना कुठेतरी जाणवलं असावं. ते काचेकडे आशेनं पाहायला लागले, आणि काचेवर पुढचं वाक्य आलं. जिथे अक्षर आहे तिथे वाचायचं, ही सवय त्यांच्या हाडात गेलेली. ते वाचत राहिले. वाक्यं आता लांब झाली होती. शब्द भलत्या ठिकाणी तुटायला लागले. 'कृतघ्नतेच्या' या शब्दापाशी ते तीनदा गेले आणि तीनदा परत आले. दाढीचा डिंक घामानं सुटला आणि एका बाजूनं दाढी लोंबायला लागली; मागच्या पडद्यावर ती एखाद्या छपरासारखी उचकटत होती. ते घाई करायला लागले की मी मजकूर हळू करायचो. हळू झाले की जरा पुढे ढकलायचो. बोट माझं, श्वास त्यांचा. मला इतकं स्वस्थ फार दिवसांत वाटलं नव्हतं.

हिशेबाच्या भागात साहेब थांबले. काचेकडे बघत नुसते उभे राहिले. मग प्रधान प्रेक्षकांना म्हणाला, "काही तांत्रिक अडचण आहे," आणि आसनाला वळसा घालून आत निघून गेला.

रंगमंच रिकामा. मागे पडद्यावर रिकामं आसन. आता धाडच्या व्हिडिओवाल्यानं जे केलं ते त्यानं सवयीनं केलं. लग्नात भटजी पोथीचं पान शोधायला लागले किंवा नवरदेव आत गेला, की हे लोक कॅमेरा पुढे बसलेल्या नातेवाइकांवर नेतात. मावश्या, मामा, नटलेली मुलं. पडदा रिकामा ठेवणं त्यांच्या धंद्यात बसत नाही. त्यानं दुसरा कॅमेरा पुढच्या सोफ्यावर नेला आणि मधोमध जो चेहरा होता तो भिंतभर आला.

काकांचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते.

ते बहुधा पहिल्या वाक्यापासून हलत असावेत. काका साहेबांच्या मागेमागे चालले नव्हते. त्यांच्या आधी निघून कधीच पुढे गेले होते. मी ओठ पाहिले आणि ओळखलं: हिशेब संपवून ते कुजबुजीच्या जागेकडे वळत होते. आवाज नव्हता. माइक नव्हता. सुरकुत्या मात्र होत्या, आणि साहेब म्हणाले होते तशा त्या फार मोठ्या दिसत होत्या. एकेक सुरकुती वाक्याबरोबर उघडत होती आणि मिटत होती. हॉलमध्ये शेंगदाण्याच्या पुड्या बंद झाल्या. मी रिमोटवर बोट ठेवलं आणि काचेवरचा मजकूर काकांच्या ओठांच्या गतीनं सरकवायला लागलो. ती काच आता कोणी वाचत नव्हतं. तरी सरकवत राहिलो.

तेवढ्यात आवाज आला. "पानी आना बे!"

साहेब कॉलरचा माइक लावूनच आत गेले होते.

आवाजवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याचा हात बटणावर होता. "साहेबाचा बंद करू का?"

"राहू द्या," मी म्हणालो.

योग्य ती कार्यवाही जी म्हणतो ती एवढीच.

पडद्यावर काकांचे ओठ आणि चारी कोपऱ्यांतल्या स्पीकरांतून साहेबांचा आवाज. पुण्याहून आणलेले ण आणि ळ मखमलीच्या आधीच उतरले होते. "काढा बे हे आंगातलं, जीव चाल्ला माहा! कोनं टाकलं ते एवढं? संपूनच नाही राह्यलं! मी म्हनलो अर्धं कर, अर्धं कर." कोणीतरी आत काहीतरी पुटपुटलं. "अन् त्या बुढ्याले समोर काऊन बसवलं? सारा टाइम तोंड हालवून राह्यला माह्यासमोर. घशात गाठ झाली, आवाज चाल्ला, पन हौस नाही जात!"

ते वाक्य येईल असं मला वाटलं नव्हतं. गाव काकांच्या गाठीबद्दल ते असं ऐकेल, हे कार्यवाहीत नव्हतं. पण म्हणून मी आवाजवाल्याला खूण केली असंही नाही. बायकांच्या बाजूला काकू बसल्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला.

काकांनी ऐकलं. ऐकू न यायला ते काही बहिरे नव्हते. भुवई किंचित वर गेली, एवढंच. डोळे उघडले नाहीत. ओठ आता जेमतेम हलत होते, म्हणजे शेवटची कुजबुज सुरू झाली होती. स्पीकरमधून पगडी कुठेतरी आपटल्याचा आवाज आला. मग कोणीतरी धावत गेल्याचा. मग माइक गेला.

शेवटचा भाग सगळ्यांनी निःशब्द पाहिला. तो संपला कधी हे फक्त मला आणि काकांना कळलं. त्यांनी डोळे उघडले, पडद्यावर स्वतःला पाहिलं, एखाद्या अनोळखी पक्षकाराकडे बघावं तसं. खांद्यावरची शाल काढून घडी केली, सोफ्यावर ठेवली, नारळ तिच्यावर ठेवला आणि ते चालू लागले. टाळ्या पडल्या नाहीत. मागून एकजण हळूच म्हणाला, "झालं वाट्टे."

बाहेर मी काकांना गाठलं. वाटलं होतं, गाठीची गोष्ट उघड झाली म्हणून माझ्यावर उखडतील. ते चप्पल शोधत होते. घोगऱ्या आवाजात म्हणाले, "जलमात पयल्यांदा न वाचता बोलला तो. अन् बरा बोलला. एकबी शब्द अडकला नाही."

त्या ध्वनिचित्रफितीला रात्रभरात पाय फुटले. साहेबांच्या नातेवाइकांनीसुद्धा ती एकमेकांना पाठवली, वर 'अतिशय निंदनीय' असं लिहून. पंधरवड्यात माझी बदली संस्थेच्या पिंपळगाव राजाच्या शाळेत झाली. आदेशात 'कार्यालयीन सोयीसाठी' असं कारण होतं. वाक्यरचना चुकलेली होती. नव्या क्लार्कला अजून सवय व्हायची होती. मी खामगावला एसटी बदलत नोकरी करायला लागलो.

काकांचं ऑपरेशन झालं. काही आठवडे बोलायची मनाई होती. एका रविवारी मी काकांकडे बसलेलो असताना दारात गाडी थांबली. साहेब. हातात पुष्पगुच्छ, मागे फोटोग्राफर. मला पाहून ते क्षणभर थबकले, मग मी तिथे नसल्यासारखे आत आले. काकांच्या हातात गुच्छ दिला, फोटो झाला.

"कशी आहे आता तब्येत?" साहेबांनी विचारलं.

काका त्यांच्याकडे बघत राहिले.

"बोलता येत नाही का अजिबात?" साहेबांनी काकूंना विचारलं.

काकूंनी काकांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पाहूनच तं राह्यले तुम्ही."

साहेबांचा चेहरा उजळला. दुःखानं उजळणारे चेहरे मी समारंभांत पुष्कळ पाहिलेत. ते पुढे सरकून बसले. तंत्रज्ञान फार पुढे गेलं आहे, असं म्हणाले. जुन्या कॅसेटींवरून आता माणसाचा आवाज कॉम्प्युटरवर तयार करता येतो. काकांकडे स्वगताच्या कॅसेटी आहेत असं त्यांनी ऐकलं होतं. त्या मिळाल्या तर पुढच्या वर्धापनदिनी पडद्यावर प्रधान, काकांचाच आवाज, आणि प्रास्ताविक साहेब स्वतः करतील. "तुमचा आवाज अमर होईल, काका. तुम्ही फक्त मान हलवा."

काकांनी मान हलवली नाही, होकाराची नाही आणि नकाराचीही नाही. उलटतपासणीत काकांची ही एक चाल होती. साक्षीदाराला प्रश्न न विचारता नुसतं बघायचं. काही वेळानं साक्षीदार आपणहून बोलायला लागतो.

साहेब बोलायला लागले. त्या दिवशी जे झालं ते गैरसमजातून झालं. उकाडा फार होता. माणूस आत गेल्यावर काही बोलतो, त्याचा अर्थ तसा नसतो. काका बघतच होते. आपल्याला काकांबद्दल किती आदर आहे हे आपल्या वडिलांना विचारा, साहेब म्हणाले. वडील वारलेत हे मग त्यांच्या लक्षात आलं. फोटोग्राफर दाराबाहेर जाऊन उभा राहिला. "मले तसं म्हनाचं नव्हतं, काका," साहेब शेवटी म्हणाले, आणि ते त्यांच्या आतल्या भाषेत निघालं. काकांनी पापणीसुद्धा हलवली नाही. साहेब उठले, नमस्कार केला, उंबऱ्याला ठेचकाळले आणि गेले.

गाडीचा आवाज कोपऱ्यापर्यंत गेला.

"गेला?" काका म्हणाले.

मी चमकलो. आवाज बारीक, खरवडलेला, पातेल्याच्या तळाला चमचा घासावा तसा. रंगमंचावर पहिल्या रांगेपर्यंतसुद्धा पोचला नसता. पण शब्द कळत होता.

"हाव," काकू म्हणाल्या. "गेला."

"चाय ठेव मंग." मग माझ्याकडे वळून, "डॉक्टरनं मनाई उठवून आठवडा झाला. तू कोणाले सांगू नको."

मी कोणाला सांगितलेलं नाही. ज्यांना हे वाचून कळेल त्यांनी तरी मेहकरला जाऊन बोलू नये. काका घराबाहेर आता एक शब्द उच्चारत नाहीत. भाजी बोटानं दाखवतात, न्हाव्याला आरशातून खूण करतात. माणसाचा सोन्यासारखा आवाज गेला म्हणून गाव हळहळतं. परवा बाजारात साहेब समोरून आले. काका थांबले आणि त्यांच्याकडे बघायला लागले. साहेबांनी तब्येत विचारली, हवा, पिकं, काकूंची तब्येत, पुन्हा हवा, पुन्हा त्या दिवशीचा उकाडा. मी पिशवी धरून बाजूला उभा होतो. साहेबांना पुढे कुठेतरी उद्घाटनाला जायचं होतं, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. पण काका बघत होते, आणि कोणीतरी बोलणं संपवल्याशिवाय साहेबांना तिथून हलता येत नव्हतं.